गोगलगायीच्या वाटेने

पहाडगंजच्या मेन बाजारात चहाला उकळी आली, की वास थेट नवी दिल्ली स्टेशनापर्यंत पोहोचतो. त्या चहात पडणाऱ्या, राजधानीच्या दुधाचा मोठा वाटा हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशातल्या गावांतून येतो. तिथे म्हशी दुपारभर जोहडात, म्हणजे गावतळ्यात, डुंबतात आणि काठावरचं हिरवं गवत खातात. तिथेच त्यांच्या दुधाला वाटेकरी भेटतो: यकृतात राहणारा पर्णकृमी, फॅसिओला जायगॅन्टिका.

या कृमीला नाव दिलं कॉबोल्ड या संशोधकांनी, 1855 मध्ये, आणि त्यांना तो सापडला होता जिराफाच्या यकृतात. आकाराने पानासारखा, लांबीला अडीच ते साडेसात सेंटिमीटर. आशिया-आफ्रिकेतल्या उष्ण, पाणथळ प्रदेशात गायी-म्हशींना त्रास देणारा हाच.

त्याची अंडी शेणातून पडतात. कोरड्यावर पडलेली वाया जातात. पाण्यात पडली तर उबेला साधारण दोन आठवड्यांत फुटतात. बाहेर आलेल्या डिंभाला दिवसभरात लिम्निया जातीची गोगलगाय गाठावी लागते, नाहीतर तो मरतो. गाठली, तर एकाचे शेकडो होतात. मग शेपटीवाली पिल्लं पाण्यात उतरतात, गवताच्या किंवा भाताच्या देठाला चिकटतात, शेपटी टाकतात आणि स्वतःभोवती कवच करून बसतात. हे कवच टाचणीच्या डोक्याहूनही लहान असतं. जनावर ते घासाबरोबर गिळतं.

खरा घाव पुढे बसतो. कोवळा कृमी आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीतून यकृतात शिरतो आणि कित्येक आठवडे तिथलं मांस पोखरत फिरतो. नंतर पित्तनळीत मुक्काम करून रक्त पितो. नळी जाड होते, तिच्यात चुना साचतो. शवविच्छेदनात असं यकृत कापताना सुरी करकरते. रक्तातली प्रथिनं घटली, की खालच्या जबड्याखाली पाणी भरून सूज लोंबते.

मेंढ्या अशा लागणीत तडकाफडकी मरतात. गाय मरत नाही, ती खंगत जाते. दूध उतरतं, कातडी रखरखीत होते, माज लांबतो. शेतकऱ्याला वाटतं पेंड कमी पडली. तो उसनवारी करून पेंड वाढवतो. या मुकाट नुकसानीची दखल साथीच्या रोगांइतकी कधी घेतली गेली नाही, हे फार वाईट आहे.

अभ्यासकांनी मात्र लक्ष घातलं होतं. जी. डी. भालेराव यांचा भारतातल्या पाळीव जनावरांच्या कृमींवरचा ग्रंथ 1935 मध्ये शाही कृषी संशोधन परिषदेने काढला. त्याआधी 1933 मध्ये मद्रास इलाख्यातले एम. अनंतनारायण राव यांनी बैलांना घोरायला लावणाऱ्या पर्णकृमीचं वर्णन केलं. शिस्टोसोमा नेझेल हा कृमी नाकाच्या शिरांत राहतो, आत गाठी येतात आणि जनावराला श्वास जड जातो. म्हशीत तो बहुधा लक्षणंच दाखवत नाही, त्यामुळे ती निरोगी दिसूनही लागण पसरवते.

माणूसही यातून सुटलेला नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाण्याचा आजार होता. गाडगीळ आणि शहा यांनी 1952 मध्ये तो जगापुढे मांडला. शिस्टोसोमा कुळातल्याच एका कृमीचा तो प्रताप. तिथेही वाहक म्हणून बोट गेलं ते पाण्यातल्या एका इवल्या गोगलगायीकडेच.

म्हणून नुसतं औषध पाजून जनावर त्याच तळ्यावर सोडणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. गावातली सगळी जनावरं एकदम औषधाखाली यायला हवीत, तळ्याच्या काठाला कुंपण हवं, पाणी हौदात, पेंढा खडखडीत वाळवलेला हवा. शेण खड्ड्यात कुजवलं, तर उष्णतेने अंडी मरतात. बदकं गोगलगायी आवडीने खातात. औषधांतही फरक आहे: ऑक्सिक्लोझानाइड वाढलेल्या कृमींवर चालतं, ट्रायक्लाबेन्डाझोल कोवळ्यांनाही मारतं. दुभत्या जनावराला कोणतं द्यायचं आणि त्यानंतर किती दिवस दूध काढून टाकायचं, हे पशुवैद्यालाच विचारावं.

तपासणीतही एक मेख आहे. लागण झाल्यावर तीनेक महिने शेणात अंडी येतच नाहीत. आली तरी ती जड असतात. मिठाच्या द्रावणावर तरंगवून बघण्याच्या नेहमीच्या पद्धतीत ती सहज निसटतात. तेव्हा शेणाचा नमुना देताना तो पाण्यात ढवळून तळाचा गाळ तपासायला सांगावा. पिवळसर सोनेरी अंडी दिसली, तर यकृताचा कृमी. रंगहीन दिसली, तर बहुधा पोटात राहणारा दुसरा पर्णकृमी.