पानिपतची गोळी आणि आमचा प्रश्न

जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा मी आवडीने वाचतो आणि कल्याणच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांनाही वाचायला लावतो. कार्यकर्ते मित्र विचारतात, ‘या ग्रहताऱ्यांच्या गोष्टींचा आपल्या चळवळीशी काय संबंध?’ माझ्या मते संबंध आहे, आणि तो जवळचा आहे.

नारळीकर (१९३८-२०२५) खगोलशास्त्रज्ञ. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले. नाव नव्हे, कथा तपासली जावी, हा त्यामागचा आग्रह.

त्यांची सांगण्याची रीत साधी आहे. ओळखीच्या जगातली एकच गोष्ट बदलायची आणि पुढे काय घडते ते तर्काने पाहत जायचे. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये १७६१ च्या लढाईत विश्वासरावांचा जीव घेणारी गोळी त्यांना चाटून जाते. मराठे जिंकतात आणि हिंदुस्थानचा इतिहास निराळा होतो. त्या निराळ्या जगात पोहोचलेले गंगाधरपंत आगगाडीने मुंबईला जातात, वाचनालयात इतिहासाची पुस्तके चाळतात. सारे रोजचेच, म्हणून अशक्यही पटते.

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. आजी म्हणायची, ‘मागल्या जन्मीचं फेडतोय आपण.’ कर्मविपाक हेच शिकवतो : झाले ते तसेच व्हायचे होते. नारळीकरांची कथा नेमके उलट सांगते. कारण बदला, परिणाम बदलेल. बुद्धाचा कार्यकारणभाव तरी याहून वेगळे काय सांगतो?

पण गंगाधरपंतांची गाडी कल्याणला न थांबता धडधडत पुढे जाते. मला मात्र इथे थांबून विचारावेसे वाटते : पानिपत जिंकलेल्या त्या राज्यात आमचा महारवाडा कुठे होता? पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके असे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवले आहे. एक गोळी चुकल्याने ते मडके सुटले असते काय? कथा हा प्रश्न घेत नाही.

म्हणून कथा टाकून द्यावी असे नव्हे. रीत आपल्या हाती आली आहे. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता. तो कागदावर न राहता अंमलात आला असता तर? तळ्यावर पहिली घागर कोणी भरली असती, आणि तिला कोणी अडवले असते? ही कथा आमच्या विद्यार्थ्यांनी लिहायची आहे.