फोन नवा झाला, कागद कोठें गेले?

कडावसारख्या गांवांत आतां घरोघरचे महत्त्वाचे कागद ट्रंकेंतून निघून मोबाईलमध्यें राहावयास आले आहेत. सातबाराचा उतारा, जातीचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, शिष्यवृत्तीच्या अर्जाची पावती, शिक्षकांनीं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविलेलीं टिपणें, हें सर्व त्या वीतभर यंत्रांत सांठविलेलें असतें. पावसाळ्यांत आमच्याकडे कागदास ओल धरते. त्या मानानें ही सोय खरोखर मोठी होय. परंतु एखाद्या रात्रीं फोन आपली कार्यप्रणाली, म्हणजे त्याचें सर्व काम चालविणारी मूळ व्यवस्था, अद्ययावत करितो, आणि सकाळीं नेहमींच्या फाईल मॅनेजरमध्यें पाहावें तों फोल्डर रिकामें! अर्जाची मुदत जवळ आली असली म्हणजे अशा वेळीं घरांत काय गोंधळ उडतो, हें पुष्कळ पालकांस ठाऊक असेल. म्हणून असें कां होतें व झाल्यास काय करावें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम कारण पाहूं. पूर्वीं अँड्रॉइड फोनमधील सांठा हा वाड्याच्या मोकळ्या अंगणासारखा होता. एकदां परवानगी मिळाली कीं कोणतेंही अ‍ॅप तेथें हिंडावें व कोणाचीही वस्तु पाहावी. बॅटरीचा उजेड पाडणाऱ्या अ‍ॅपासही घरचीं छायाचित्रें पाहतां येत, हें कांहीं बरें नव्हे. यास्तव गूगल कंपनीनें २०१९ सालच्या अँड्रॉइड १० पासून प्रत्येक अ‍ॅपास स्वतंत्र खोली नेमून देण्याची पद्धत सुरू केली. आरंभीं जुन्या अ‍ॅपांस सवलत होती. सप्टेंबर २०२० मध्यें अँड्रॉइड ११ आल्यावर, त्या आवृत्तीसाठीं तयार केलेल्या अ‍ॅपांची ती सवलत संपली. पुढें व्हॉट्सअ‍ॅपनेंही आपलें बिऱ्हाड जुन्या जागेवरून नव्या खोलींत हलविलें. हा प्रकार अगदीं पहिलाच नव्हे. २०१३ सालच्या अँड्रॉइड ४.४ नें मेमरी कार्डावर लिहिण्याची बाहेरच्या अ‍ॅपांची मुभा अशीच काढून घेतली होती. तात्पर्य, कुलूप घालण्याचा हेतु चांगला असतो. मात्र नवी किल्ली कोठें ठेविली आहे, हें घरधन्यास कोणी सांगत नाहीं.

आतां उपायाकडे वळूं. कांहींही पुसूं नये, हा पहिला नियम. व्हॉट्सअ‍ॅप काढून पुन्हां घालावें, असा सल्ला कोणीतरी देतोच. तो मानूं नये. अ‍ॅप काढिलें म्हणजे त्याच्या खोलींतील सामानही जाण्याचा संभव असतो. फोन रीसेट करणें तर त्याहून वाईट, कारण त्यानें आंतील सर्वच पुसलें जातें.

यानंतर फोनबरोबर आलेलें मूळ ‘फाईल्स’ अ‍ॅप उघडून फाईलीच्या नांवानें शोध घ्यावा. नांव आठवत नसल्यास ‘डॉक्युमेंट्स’ हा वर्ग उघडून तारखेच्या क्रमानें पाहावें. येथें कागद दिसला, पण आपल्या नेहमींच्या फाईल मॅनेजरांत दिसत नाहीं, तर दोष परवानगीचा आहे असें समजावें. सेटिंग्जमध्यें ‘स्पेशल अ‍ॅप अ‍ॅक्सेस’ व त्याखालीं ‘ऑल फाईल्स अ‍ॅक्सेस’ असतें. तेथें त्या फाईल मॅनेजरास परवानगी द्यावी. खेळाच्या किंवा अनोळखी अ‍ॅपास ती कदापि देऊं नये.

शोधूनही कागद न मिळाल्यास जागा बदलली आहे काय, तें पाहावें. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले कागद आतां ‘अँड्रॉइड’ या फोल्डरांत, त्यांतील ‘मीडिया’मध्यें, तेथील ‘कॉम.व्हॉट्सअ‍ॅप’मध्यें ठेविलेले असतात. याखेरीज ज्या संवादांत तो कागद आला होता, तो संवाद उघडूनही कागद मिळतो कीं नाहीं तें पाहावें. सांपडतांच त्याची एक प्रत ‘डाऊनलोड’ या फोल्डरांत काढून ठेवावी.

कोठेंच पत्ता न लागल्यास फाईल्स अ‍ॅपांतील कचरापेटी उघडून पाहावी. तोंवर नवीं छायाचित्रें काढूं नयेत व चित्रफिती उतरवूं नयेत. पुसलेल्या फाईलीची जागा मोकळी समजून फोन तेथें नवें लिहितो, आणि मग जुनें परत येण्याची आशा मावळते.

बहुतेक वेळां कागद नाहींसा झालेला नसतो, केवळ दृष्टीआड झालेला असतो. परंतु सदैव तसेंच असेल, असें मानून चालणार नाहीं. ता. २ ऑक्टोबर २०१८ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० ची नवी आवृत्ति प्रसृत केली, तेव्हां कांहीं लोकांच्या संगणकांतील फाइली खरोखरच पुसल्या गेल्या. ज्यांनीं ‘डॉक्युमेंट्स’सारखें फोल्डर पूर्वीं दुसऱ्या ठिकाणीं हलविलें होतें, त्यांचें जुनें फोल्डर निरुपयोगी समजून त्या अद्ययावतीकरणानें काढून टाकिलें, आणि आंत राहिलेल्या फाइलीही गेल्या. कंपनीनें थोड्याच दिवसांत वाटप थांबविलें व दुरुस्त आवृत्ति १३ नोव्हेंबरला पुन्हां दिली. तथापि ज्यांच्याजवळ दुसरी प्रत नव्हती, त्यांस त्या दुरुस्तीचा काय उपयोग?

म्हणून विद्यार्थिमित्रहो, एक काम तुमच्याकडे सोंपवितों. घरांतील वडील माणसांच्या फोनमध्यें कोणकोणते कागद आहेत, याची यादी करा. त्यांची एक प्रत पेनड्राईव्हवर किंवा गूगल ड्राईव्हवर ठेवा. जे दाखले सरकारच्या डिजिलॉकरमध्यें मिळतात, ते तेथें जोडून घ्या. शिष्यवृत्तीचा मूळ कागद मात्र प्लास्टिकच्या पिशवींत घालून ट्रंकेंतच असूं द्या. फोन अद्ययावत करण्याची सूचना आल्यावर ती टाळूं नये, कारण तींत सुरक्षिततेच्या दुरुस्त्या असतात. पण ‘होय’ म्हणण्यापूर्वीं ही दुसरी प्रत झाली आहे कीं नाहीं, एवढें घरांत एकदां विचारून घ्यावें.