जोडून उभी केलेली जुनी बुलेट : तिची पारख

जुन्या मोटारसायकलींच्या बाजारांत नेहमीं एक अशी गाडी आढळते, कीं जिची टाकी एका गाडीची, चाकें दुसरीचीं, इंजिन तिसरीचें आणि कागदपत्रें चौथीचीं असतात. वर ताजा काळा रंग दिला, सोनेरी रेघा ओढल्या, कीं विकणारा तिला "साठ सालची अस्सल बुलेट" म्हणून उभी करतो. घेणारा रंग पाहतो, किक मारून आवाज ऐकतो, आणि कित्येक वर्षांची शिल्लक तिच्यावर खर्च करतो. पुढें नोंदणीच्या नूतनीकरणासाठीं फटफटी परिवहन कार्यालयांत नेली जाते, तेथें चासीच्या आंकड्याची छाप मागितली जाते, आणि मग ही गाडी नेमकी कोणती, या प्रश्नाचें उत्तर मालकाजवळ नसतें.

हा प्रकार बुलेटच्या बाबतींत फार सहज घडतो, आणि त्याचें कारण तिच्या इतिहासांत आहे. इंग्लंडांतील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कंपनीनें मागील चाकाला झोकाळी चिमटा असलेला हा नमुना १९४८ सालीं प्रथम पुढें आणला. भारतीय लष्करासाठीं त्या गाड्यांची मागणी झाली, आणि १९५५ सालीं मद्रास मोटर्सच्या सहकार्यानें एन्फील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. आरंभीं इंग्लंडहून आलेले भाग मद्रासेंत केवळ जोडले जात. पुढें सारी गाडी येथेंच तयार होऊं लागली. तिकडे रेडिचला या बुलेटचें उत्पादन १९६२ मध्यें थांबलें. इकडे मात्र ७० मिलिमीटर व्यासाच्या आणि ९० मिलिमीटर धांवेच्या सिलिंडराचें तेंच ३४६ घन सेंटिमीटरचें इंजिन पुढें चाळीस वर्षांहून अधिक काळ निघत राहिलें. त्यामुळें १९९० च्या सुमाराचे पुष्कळसे भाग १९६० च्या गाडीवर थोड्या खटपटीनें बसतात. खेड्यापाड्यांतील मिस्त्रीलाहि ही गाडी जिवंत ठेवतां येते ती याच गुणामुळें. आणि फसवणुकीला वाट मिळते तीहि याच गुणामुळें.

तरी जोडगाडी म्हणजे वाईट गाडी, असें समजण्याचें कारण नाहीं. साठ वर्षें रस्त्यावर राहिलेल्या यंत्राचे ब्रेक, तारा, कार्ब्युरेटर हे भाग बदललेले असणारच. न बदलतील तरच नवल. म्हणून अशा गाडीचें मोल करतांना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: ती चालते कशी, आणि ती आहे कोण. पहिल्याचें उत्तर चांगला मिस्त्री देतो. दुसऱ्याचें उत्तर कागद आणि लोखंड यांचा मेळ घालून मिळतें, आणि तें आधीं मिळवावें. कारण झिजलेला पिस्टन बदलतां येतो, पण कानशीनें घासलेला आंकडा पुन्हां उमटवितां येत नाहीं.

चासीचा आंकडा हँडलच्या मानेपाशीं ठोकलेला असतो, इंजिनाचा क्रँककेसवर. दोन्ही ठिकाणचा मळ आणि रंग रॉकेलच्या बोळ्यानें काढून ते दिवसाच्या उजेडांत वाचावेत. आंकड्यांची खोली सारखी आहे कीं नाहीं, ओळ सरळ आहे कीं नाहीं, भोंवतालच्या धातूवर घासल्याचे चरे किंवा डाग दिल्याचा फुगवटा आहे काय, हें बोटानें चांचपून पाहावें. दोन आंकडे परस्परांशीं जुळतात कीं नाहीं यापेक्षां ते नोंदणीपुस्तकाशीं जुळतात कीं नाहीं याला अधिक महत्त्व आहे. इंजिन पूर्वीं कधीं रीतसर बदललें असेल, तर तसा शेरा पुस्तकांत असला पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा रोख नेमका याच गोष्टीवर आहे. इंजिनाचा मेळ बसत नसेल तर कटकट होते, पण मार्ग निघूं शकतो. चासीचा मेळ बसत नसेल, तर सौदा कितीहि स्वस्त असो, तेथून उठावें. अशी गाडी कदाचित् चोरीची असेल, आणि नसली तरी तसें सिद्ध करण्याची जबाबदारी नव्या मालकाच्या गळ्यांत पडेल.

विकणाऱ्याच्या तोंडीं "विंटेज" हा शब्द हल्लीं फार असतो. त्याचा कायद्यांतील अर्थ पुष्कळ अरुंद आहे. २०२१ सालच्या केंद्रीय नियमांप्रमाणें पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें झालेली, मूळ स्वरूपांत राखलेली, आणि चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडीच या वर्गांत येते. तिला "व्ही ए" अक्षरांचा निराळा क्रमांक मिळतो. पण मग ती रोजच्या वापरासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. चार गाड्यांची मिळून झालेली गाडी या व्याख्येंत बसणें कठीण. आणि ज्या गृहस्थाला रोज कचेरीला जायचें आहे, त्यानें या शब्दासाठीं जादा पैसे मोजण्यांत तर कांहींच अर्थ नाहीं.

सांगितलेलें साल खरें कीं खोटें हें गाडी स्वतःच बरेंचसें बोलते. हेडलाइट, मीटर आणि दोन बाजूंचे दोन बारीक दिवे एकाच टोपीत बसविण्याची पद्धति १९५४ च्या नमुन्यापासूनची. ती टोपी असलेली गाडी कोणी १९५० ची म्हणूं लागला, तर पुढचा भाग तरी मागाहूनचा आहे. जुन्या गाडीवर अमाल कार्ब्युरेटर असावा. मिककार्ब दिसला कीं तो नंतरचा समजावा. गिअर उजव्या पायाखालीं, चार गतींचा, आणि सोबत न्यूट्रलची वेगळी लहान पट्टी, ही जुनी रचना. डाव्या पायाचा पांच गतींचा गिअर ही फार अलीकडची. जुनी वीजव्यवस्था सहा व्होल्टची होती. यांतील एखादी वस्तु बदललेली आढळली म्हणून नाक मुरडूं नये. बारा व्होल्टचा दिवा रात्रीच्या प्रवासांत वरदानच आहे. पण अस्सलपणाचा भाव सांगणाऱ्याला यांतील प्रत्येक वस्तु दाखवून किंमत उतरवून घ्यावी.

आतां चालण्याचा प्रश्न. येथें रंगापेक्षां क्रँककेसकडे पाहावें. त्याचे दोन अर्धे भाग कारखान्यांत एकत्र धरून बेअरिंगांच्या जागा कापतात, म्हणजे ते जन्मतःच जोडीदार असतात. भंगारांतून एक अर्धा एका इंजिनाचा आणि दुसरा दुसऱ्याचा घेऊन जोडला, तर दोन्ही बाजूंचीं बेअरिंगें एका रेषेंत येत नाहींत. इंजिन चालतें, आवाजहि कदाचित् बरा येतो, पण बेअरिंगें लौकर जातात आणि सांध्यांतून तेल गळूं लागतें. सिलिंडराच्या बुडाशीं दोन अर्ध्यांच्या सांध्यावरून नख फिरवावें. पायरी लागली तर संशय धरावा. प्लग काढून इंजिन हळूहळू फिरवावें. प्रत्येक फेऱ्यांत एकाच जागीं तें जड जात असेल, तर संशय बळावतो.

आणखी एक लबाडी बाहेरून चटकन् दिसत नाहीं. ५०० च्या बुलेटची धांवहि ९० मिलिमीटरच आहे; व्यास तेवढा ८४. म्हणून नोंदणीपुस्तकांत ३४६ आणि प्रत्यक्षांत ४९९ घन सेंटिमीटर, अशीहि गाडी भेटते. उंच चढावर तिची ओढ पाहून घेणारा खूष होतो. अपघातानंतर विमा कंपनीशीं गांठ पडली म्हणजे त्या खुषीची किंमत कळते. मोठा सौदा असेल तर हेड उघडून व्यास मोजून घेण्याचा आग्रह धरावा.

धूर पाहतांना घाई करूं नये. कांहीं दिवस उभ्या राहिलेल्या बुलेटचें तेल टाकींतून फ्लायव्हीलच्या कप्प्यांत झिरपतें, आणि पहिल्या किकला निळा धूर निघतो; तो थोड्या वेळांत थांबला तर घाबरण्याचें कारण नाहीं. गाडी तापल्यावरहि जोर देतांच धूर येत राहिला, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलें. म्हणून विकणाऱ्यानें आपण येण्यापूर्वींच इंजिन तापवून ठेवलें असेल, तर तें निवूं द्यावें आणि मग पुन्हां सुरू करावें. शेवटीं दोन्ही चाकांच्या कडेनें एक लांब दोरी ताणून धरावी. पुढचें चाक सरळ केल्यावरहि मागच्या चाकाची आणि त्याची रेषा जुळत नसेल, तर चासी वांकलेली आहे किंवा मागचा चिमटा दुसऱ्या गाडीचा आहे. अशी गाडी सपाट रस्त्यावरहि एका अंगाला ओढते.

एवढें पाहून गाडी पसंत पडली, तर भाव चालू गाडीचा द्यावा, जुन्या गाडीचा नव्हे. जुनेपणाचे पैसे फक्त तेवढ्याच भागांचे, जे त्या सालचे आहेत असें दिसून आलें. नोंदणीची मुदत केव्हां संपते तें वाचावें. पहिल्या पंधरा वर्षांनंतर ती पांच पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. गाडी परप्रांतांतून, विशेषतः दिल्लीच्या बाजारांतून आली असेल, तर तेथील कार्यालयाचें अठ्ठाविसाव्या नमुन्याचें ना-हरकत पत्र आधीं हातीं घ्यावें. एकोणतिसाव्या आणि तिसाव्या नमुन्यांवर विकणाऱ्याची सही त्याच बैठकींत घ्यावी, आणि रकमेचा शेवटचा हप्ता नोंदणीपुस्तकावर नवें नांव चढेपर्यंत राखून ठेवावा.