‘रोज चाला’ म्हणणे सोपे, पण कुठे आणि कोणाबरोबर?

नर्सिंगचा डिप्लोमा करून आम्ही बरीच वर्षे वॉर्डात काढली. आता वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करतो. शुगर असो, बीपी असो की गुडघेदुखी, डॉक्टरांच्या सांगण्यातली शेवटची ओळ ठरलेली असते : ‘रोज अर्धा तास चालायचं.’ ही ओळ आम्हीही शेकडो पेशंटना ऐकवली. एकदा एका मावशींनी आम्हालाच उलट विचारले, “ताई, चालू कुठं? गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं. आणि एकटी बाई रस्त्यानं नुसती फिरायला लागली की चार जण विचारतात, कुठं चाललीस?”

त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या उत्तराचा एक भाग पुढे फार लांब सापडला, इंग्लंडमधल्या एका खेड्यात. आमची भाची तिकडे रेडिंग शहरात नर्स आहे. मे महिन्यात तिच्याकडे राहायला गेलो होतो. एका सकाळी ती म्हणाली, “मावशी, आज तुला दाखवते, इथं डॉक्टर चालायला सांगतात म्हणजे नेमकं काय करतात.”

डॉक्टरांनी आखलेल्या वाटा

रेडिंगच्या उत्तरेला काही किलोमीटरवर सॉनिंग कॉमन नावाचे गाव आहे. चिल्टर्न नावाच्या बुटक्या टेकड्या तिथून सुरू होतात. आजूबाजूला शेते, मेंढ्यांची कुरणे आणि मधे मधे जंगलाचे पट्टे. 1990 च्या दशकात विल्यम बर्ड नावाचे डॉक्टर या गावात दवाखाना पाहत होते. हृदयविकाराच्या, लठ्ठपणाच्या, उदासीच्या पेशंटना ‘व्यायाम करा’ असे सांगून भागत नाही, हे त्यांना दिसत होते. जिममध्ये जायला अनेकांना पैसा नसतो, अनेकांना लाज वाटते. मग त्यांनी गावातले स्वयंसेवक हाताशी धरले आणि गावाभोवतीच्या पायवाटांवर ठरलेल्या वेळी, गटाने चालणे सुरू केले.

कल्पना साधी होती, म्हणून ती टिकली. 2000 साली ब्रिटिश हार्ट फाउंडेशन आणि सरकारची कंट्रीसाइड एजन्सी यांनी मिळून आरोग्यासाठी चालण्याचा उपक्रम देशभर नेला. त्याआधी 1998 साली याच गावात ‘ग्रीन जिम’ सुरू झाले होते. नाव जिमचे असले तरी त्यात यंत्रे नाहीत. झाडे लावायची, वाटेवरची झुडपे छाटायची, कुंपण दुरुस्त करायचे, त्यातच शरीराला व्यायाम.

एक सोपी फेरी

आम्ही गेलो त्या फेरीत डझनभर माणसे होती. बहुतेक साठीच्या पुढची. एक आजोबा हार्ट अटॅकमधून उठलेले, एक आजी काठी घेऊन आलेल्या. फी नाही, गणवेश नाही. पहिल्यांदा येणाऱ्याकडून एक कागद भरून घेतात : छातीत दुखते का, चक्कर येते का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. हा कागद पाहून आमच्यातली नर्स खूश झाली. वॉर्डात पेशंट भरती करताना आम्ही जे विचारतो तेच हे.

निघताना दोन स्वयंसेवकांनी आपापली जागा घेतली. एक सगळ्यांच्या पुढे, एक सगळ्यांच्या मागे. मागच्याचे काम एवढेच की आपल्या मागे कोणी राहता कामा नये. काठीवाल्या आजी तीनदा थांबल्या. तिन्ही वेळा तो शांतपणे त्यांच्याजवळ उभा राहिला. पुढच्या फाट्यावर सगळा गट त्यांची वाट पाहत होता. कोणी “लवकर या” म्हटले नाही.

वाट गावाच्या मागून निघून शेतातून गेली. कुंपण आले तिथे एक गमतीचे छोटे फाटक होते. अर्धगोल कठड्याच्या आत ते पुढे-मागे हलते. त्यातून एका वेळी एक माणूस जातो, पण गाय किंवा मेंढी जाऊ शकत नाही. काही ठिकाणी फाटकाऐवजी कुंपणाला फळ्यांच्या पायऱ्या ठोकलेल्या असतात. पाय उचलून पलीकडे उतरायचे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना हे जड जाते, म्हणून सोप्या फेऱ्या आखताना अशा पायऱ्या शक्यतो टाळतात. ‘सोपी वाट’ म्हणजे काय ते आम्हाला तिथे कळले. नुसते अंतर कमी असून चालत नाही. चढ किती, चिखल किती, टेकायला जागा आहे का आणि मधूनच परत फिरता येते का, हे सगळे कोणीतरी आधी चालून पाहिलेले असते.

पुढे जंगल लागले. तिथे ‘बीच’ नावाची उंच झाडे आहेत, राखाडी, गुळगुळीत खोडांची. पूर्वी या लाकडापासून खुर्च्यांचे पाय बनवणारे कारागीर याच टेकड्यांत काम करत. झाडांखाली निळ्या-जांभळ्या ब्लूबेल फुलांचा बहर ओसरत आला होता. वर तांबूस रंगाची, दुभंगल्या शेपटीची घार घिरट्या घालत होती. ही घार इंग्लंडमधून नाहीशी झाली होती. 1989 पासून स्पेनहून पिल्ले आणून या टेकड्यांत सोडली, आता ती सहज दिसते.

चालताना आजी बोलत होत्या, भाची आम्हाला सांगत होती. नवरा गेल्यावर त्या कित्येक दिवस घराबाहेर पडल्या नव्हत्या. आता ठरलेल्या दिवशी येतात, कारण आल्या नाहीत तर कोणीतरी चौकशी करते. त्यांच्या गोळ्यांची यादी आम्हाला ठाऊक नाही, पण हे औषध त्यांना लागू पडलेले दिसत होते.

नर्सच्या नजरेतून

किती चालावे? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम गतीची हालचाल करायला सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास. हा अर्धा तास एकदम झाला पाहिजे असे नाही, दहा-दहा मिनिटेही मोजली जातात. मध्यम गती ओळखायला यंत्र नको. चालताना शेजारणीशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये, ती मध्यम गती. गटाने चालण्याचा हाही एक फायदा : बोलता बोलता वेग आपोआप ठरतो.

त्या वाटांवर जपण्यासारख्याही गोष्टी आहेत. तिथल्या मातीत गारगोटीसारखे टोकदार दगड असतात आणि पाऊस झाला की चिखल घसरडा होतो. म्हणून घट्ट, खाच असलेल्या तळाचे बूट घालतात. उंच गवतात गोचीड असतात, त्यांच्या चाव्यातून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. म्हणून पॅन्टची टोके मोज्यांत खोचायची आणि घरी आल्यावर अंग तपासायचे. शुगरच्या पेशंटने तर चालण्याआधी बुटात हात घालून खडा आहे का ते पाहावे आणि चालून आल्यावर तळपाय, बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. नसा बधिर झालेल्या पायाला जखम कळत नाही. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्याने खिशात साखर ठेवावी. छातीत दाबल्यासारखे झाले, घाम फुटला, तर ‘फेरी पूर्ण करू’ म्हणायचे नाही. तिथेच थांबायचे आणि मदत मागायची. हे नियम पाय कुठल्याही देशात असले तरी सारखेच.

दुसऱ्याच्या शेतातून वाट कशी?

आम्हाला एक प्रश्न पडला होता. आपण चाललो ते शेत कोणाचे तरी होते. मालकाने अडवले का नाही? भाचीने खांबावरचा पिवळा बाण दाखवला. त्याचा अर्थ, ही सार्वजनिक पायवाट आहे. जमीन मालकाची, पण वाटेवरून चालण्याचा हक्क सर्वांचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा हक्काच्या वाटा सुमारे 2 लाख 25 हजार किलोमीटर आहेत. मालकाने शेत नांगरले आणि मधली वाट मोडली, तर साधारणपणे 14 दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. फाटके आणि पायऱ्या नीट ठेवणे हीही त्याचीच जबाबदारी.

पण हा हक्क सगळीकडे असा सुखासुखी मिळाला नाही. भाचीने आम्हाला उत्तरेकडे, मँचेस्टरजवळच्या हेफिल्ड गावी नेले ते यासाठीच. तिथून वर किंडर स्काउट नावाचे विस्तीर्ण माळरान आहे. ते बड्या जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेले होते. आठवडाभर कारखान्यांच्या धुरात राबणाऱ्या मँचेस्टरच्या कामगारांना रविवारी त्या मोकळ्या हवेत पाय ठेवायची मनाई होती. 24 एप्रिल 1932 रोजी बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या तरुणासोबत सुमारे 400 जण हेफिल्डहून निघाले आणि ठरवून त्या माळरानावर चढले. राखणदारांशी झटापट झाली. सहा जणांना अटक झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. मनाई असलेल्या जागी पाऊल ठेवणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

कायदा लगेच बदलला नाही. अनेक संघटनांनी आधी आणि नंतर वर्षानुवर्षे रेटा लावला, तेव्हा 1949 साली कायदा आला आणि हक्काच्या वाटा सरकारी नकाशावर नोंदवणे कौन्सिलांवर बंधनकारक झाले. उघड्या माळरानांवर मोकळेपणी फिरायचा हक्क मिळायला तर 2000 सालचा कायदा यावा लागला. 2002 साली, त्या घटनेला 70 वर्षे झाली तेव्हा, डेव्हनशायरच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या काळात झालेल्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली.

ज्या दगडखाणीत ती माणसे जमली होती तिथे आज फलक आहे. त्याच हेफिल्डमधून न्यू मिल्स गावाकडे सुमारे चार किलोमीटरची सपाट वाट जाते. ती जुन्या रेल्वेमार्गावरची आहे. 1970 साली रेल्वे बंद झाली आणि पुढे रुळांच्या जागी पायवाट झाली. आम्ही गेलो तेव्हा तिच्यावर बाबागाडी ढकलणारी आई होती आणि चाकाच्या खुर्चीतले एक आजोबा होते. ही वाट आमच्याही गुडघ्यांना झेपली.

परत आल्यावर आम्ही त्या मावशींकडे गेलो. सगळे सांगितले. एवढ्या गोष्टीतून त्यांना काय भावले असेल? ना निळी फुले, ना घार. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले ते मागून चालणाऱ्या माणसाबद्दल. “म्हणजे एक जण फक्त मागं राहिलेल्यांसाठीच असतो?”

हो मावशी, फक्त त्यासाठीच. आणि वाट आपली आहे हे आधी कोणीतरी नकाशावर लिहून घेतलेले असते. चिठ्ठीतल्या ‘रोज चाला’ या ओळीपुढे या दोन गोष्टी जोडल्या, तरच तो सल्ला पुरा होतो.