भिंतीतला विस्तव

महाबळेश्वरला एका जुन्या बंगल्यात चार दिवस उतरलो होतो. दिवाणखान्यात घडीव काळ्या दगडाची फायरप्लेस, आणि तिच्या पोटात, जिथे लाकडं जळायची तिथे, इन्व्हर्टरची बॅटरी. वरच्या फळीवर वायफायचा डबा, बंद पडलेलं घड्याळ, प्लॅस्टिकचे गुलाब. ‘पेटवता का कधी?’ म्हणून रखवालदारमामांना विचारलं. ‘नाही हो साहेब, धूर कोंडतो. ती आपली शोभेची.’ गंमत अशी की सोफा, दोन वेताच्या खुर्च्या, गालिचा, सगळं तोंड करून होतं ते या शोभेच्या कोनाड्याकडेच. खिडकीबाहेर दरी होती. तिच्याकडे खोलीची पाठ.

घरी आल्यावर या वस्तूचा इतिहास धुंडाळायला बसलो, आणि मामांचा ‘शोभेची’ हा शब्द काही पाठ सोडेना. कारण युरोपात ही वस्तू ऊब देण्यात कधीच फारशी हुशार नव्हती. खोलीवर सत्ता गाजवण्यात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. लॅटिनमध्ये घरातल्या अग्नीच्या जागेला ‘फोकस’ म्हणत. केप्लरने 1604 मध्ये तो शब्द प्रकाशशास्त्रात नेला आणि किरण जिथे एकवटतात त्या बिंदूला दिला. आज आपण कॅमेऱ्याचा ‘फोकस’ जुळवतो तेव्हा एका रोमन घराची आगटीच उकरत असतो.

आधी विस्तव खोलीच्या मधोमध असे. इंग्लंडात केंट परगण्यातल्या पेन्सहर्स्ट प्लेसच्या 1341 च्या महालात ती अष्टकोनी जागा अजून पाहायला मिळते. फरशीवर ओंडके, भोवती माणसं, आणि धूर आपला छपराच्या वाटेने जाईल तेव्हा जाईल. मग धुराडं आलं, विस्तव भिंतीत गेला. गोल करून बसणारी माणसं अर्धगोलात आली, आणि आगीला चौकट मिळाली. चौकट मिळाली की माणूस तिच्यावर नक्षी काढणारच. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याने 1519 मध्ये शांबोरचा वाडा बांधायला घेतला. तिथल्या फायरप्लेसवर त्याचं राजचिन्ह कोरलंय: आगीत राहूनही न जळणारा सॅलॅमँडर. वाड्यात अशा 282 फायरप्लेस आहेत. राजा तिथे राहिला तो सगळा मिळून काही आठवडे.

इंग्लंडच्या सरकारने चाणाक्षपणे हीच वस्तू कराला धरली. 1662 पासून दर फायरप्लेसमागे वर्षाला दोन शिलिंग. मोजायला माणसं घरात शिरायची म्हणून लोक चिडले, आणि 1689 मध्ये कर गेला. आपल्याकडे भाऊ वेगळे निघाले की ‘चुली वेगळ्या झाल्या’ म्हणतात. तिकडे चुलीच मोजल्या की घराची ऐपत कळायची. फरक एवढाच की आपली चूल स्वयंपाकघरातच राहिली. तिला दिवाणखान्यात मानाची जागा मिळाली नाही, आणि तिच्यापुढे बसणारीलाही.

ऊब देण्याचं म्हणाल, तर मोठी फायरप्लेस स्वतःच खोलीतली गरम हवा धुराड्याने ओढून बाहेर टाकते आणि दारांच्या फटींतून गार हवा आत बोलावते. समोर बसलेल्याचं पोट भाजतं, पाठ गारठते. शास्त्रज्ञ काउंट रम्फर्डने 1796 मध्ये यावर तोडगा लिहिला: आगीचा कोनाडा उथळ करा, बाजूच्या भिंती तिरप्या करा म्हणजे उष्णता खोलीत फेकली जाईल, आणि धुराड्याचा गळा आवळा. तोडगा चालला. पण जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ची नायिका जुन्या मठात भलीथोरली कोरीव फायरप्लेस बघायच्या आशेने जाते आणि तिथे सुटसुटीत रम्फर्ड पाहून हिरमुसते. मला ती बाई बरोबर वाटते. शेकायलाच तर नुसती शेगडीही पुरते.

रम्फर्डच्या आधी, 1769 मध्ये, रोममध्ये खोदचित्रकार पिरानेसीने फायरप्लेस सजवण्याच्या नमुन्यांचं पुस्तकच काढलं होतं. इजिप्शियन, एट्रुस्कन, ग्रीक, हाताला लागेल ते त्याने चौकटीवर चढवलं. काही पानं पाहताना आग कुठे लावायची असाच प्रश्न पडतो. याच संगमरवरी दिमाखामागे, धुराड्याच्या अंधाऱ्या नळकांड्यात, काजळी खरवडायला लहान पोरं चढवली जात. आठ वर्षांखालच्यांना हे काम देऊ नये असा कायदा इंग्लंडात 1788 मध्ये झाला आणि कागदावर राहिला. ती प्रथा खऱ्या अर्थाने मोडायला 1875 उजाडावं लागलं. फायरप्लेसवरच्या कोरीवकामाचं कौतुक करणाऱ्या जाडजूड पुस्तकांत या पोरांना सहसा एक परिच्छेद मिळतो. मीही इथे तेवढाच देतोय.

पुढे घरोघर रेडिएटर आले, ऊब नळातून मिळू लागली, आणि फायरप्लेस कामातून मोकळी झाली. तिची खरी बहार त्यानंतरची. बार्सिलोनात वास्तुकार गौदीने 1904 ते 1906 मध्ये कासा बात्योची पुनर्रचना केली, तेव्हा अग्निरोधक मातीची, अळंब्याच्या आकाराची एक गुहाच केली. आत समोरासमोर बाकं: एकावर प्रेमिकांची जोडी, दुसऱ्यावर लक्ष ठेवणारी वडीलधारी बाई. ऊब तिघांना सारखी.

पण या विषयातला खरा उस्ताद अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइट. शिकागोच्या रॉबी हाउसमध्ये (1910) हीटिंगची सोय होतीच, तरी त्याने बैठक आणि जेवणघर यांच्या मधोमध विटांची फायरप्लेस उभी केली आणि तिचं धुराडं दुभंगवलं. मधल्या फटीतून पलीकडचं छत सलग दिसतं. भिंत आहे, पण खोली तुटत नाही. लॉस एंजेलिसच्या हॉलीहॉक हाउसमध्ये (1921) फायरप्लेससमोर पाण्याचं उथळ कुंड, माथ्यावर काचेचं छत. पंचमहाभूतांपैकी बहुतेक एका कोपऱ्यात आणून बसवलेली. मला ते जरा नाटकी वाटतं.

त्याच्याच पेनसिल्व्हेनियातल्या फॉलिंगवॉटरमध्ये मात्र नाटक नाही. धबधब्यावर बांधलेल्या या घराची आखणी 1935 ची. घरमालक कौफमन कुटुंब ज्या खडकावर पूर्वी पहुडायचं, तो खडक जागेवरून हलवला नाही. तो दिवाणखान्याची जमीन फोडून वर आलाय आणि त्याच्यावरच लाकडं जळतात. भोवतालच्या फरशांना मेण घासून चकाकी आणलेली, खडक तसाच कोरडा. त्यामुळे फरशी वाहत्या ओढ्यासारखी दिसते आणि खडक ओढ्यातल्या दगडासारखा. बाजूच्या दगडी भिंतीत अर्धगोल कोनाडा, त्यात लाल रंगाची गोल किटली लोखंडी दांड्यावर टांगलेली. दांडा फिरवला की किटली विस्तवावर येते. कोकणातल्या घराच्या पडवीत एखादा कातळ न फोडता ठेवलेला असतो, तो आठवला.

वास्तुकार ल कॉर्बुझिएने तर 1930 च्या सुमारास पॅरिसमध्ये, शाँझ-एलिझेवरच्या एका श्रीमंताच्या गच्चीवर, नक्षीदार फायरप्लेस लावून दिली. खाली हिरवळ, वर आभाळ, फळीमागून विजयकमानीचा माथा. ऊब द्यायला खोलीच नाही! 1968 मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये दोमिनिक आँबेरने भिंतही काढून टाकली. त्याची ‘जायरोफोकस’ छतापासून लोंबते, हवी तिकडे फिरते. काळ्या लोखंडाचं भांडं, त्यात जाळ. विस्तव पुन्हा खोलीच्या मधोमध आला, म्हणजे पेन्सहर्स्टचाच. फक्त या वेळी डोळ्यांत धूर नाही.

लंडनमध्ये डिसेंबर 1952 च्या जीवघेण्या धुरक्यानंतर 1956 चा कायदा आला आणि घरोघरचे कोळसे विझू लागले. रिकाम्या झालेल्या कोनाड्यासमोर टीव्ही आला, हे ठाऊकच आहे. टीव्हीनेही मग काय केलं पाहा. 1966 च्या नाताळला न्यूयॉर्कच्या एका वाहिनीने, ज्यांच्या घरात फायरप्लेस नाही त्यांच्यासाठी, महापौरांच्या निवासातला जळता ओंडका दाखवला. चित्रफीत होती 17 सेकंदांची; तीच गोल गोल फिरवत तासन्‌तास चालवली. चित्रीकरणाला आड येते म्हणून पुढची जाळी काढून ठेवली होती, तर ठिणगी उडून महापौरांचा जुना गालिचा जळला. फीत झिजल्यावर नवी काढायची वेळ आली तेव्हा महापौरांच्या घरून नकार आला. शेवटी 1970 मध्ये कॅलिफोर्नियात, ऑगस्टच्या उकाड्यात, कुणाच्या तरी घरची फायरप्लेस पेटवून नाताळची थंडी चित्रित केली.