लेडीबर्डमधला नर

लाल पाठीवर काळे ठिपके असलेल्या भुंगेऱ्याला इंग्रजीत लेडीबर्ड म्हणतात. मग नराचं काय, असं मुलं हमखास विचारतात. नरही लेडीबर्डच! नावातली ‘लेडी’ म्हणजे किड्याची मादी नव्हे, तर येशूची आई मरिया. जुन्या ख्रिस्ती चित्रांत तिची वस्त्रं पुष्कळदा लाल असत, आणि युरोपात सर्रास दिसणाऱ्या जातीच्या सात ठिपक्यांत भाविकांना तिची सात दुःखं दिसली. जर्मन लोकही त्याला मरियेचाच भुंगेरा म्हणतात.

आपल्या शेतकऱ्यांचा ‘ढालकिडा’ मला जास्त आवडतो. त्या फुगीर, टणक पाठीला शोभणारं नाव आहे.

नर-मादी ओळखणं मात्र जिकिरीचं. नर सहसा किंचित लहान, एवढंच. द्राक्षबागेत पिठ्या ढेकणावर सोडतात तो क्रिप्टोलिमस नावाचा ढालकिडा याला अपवाद. याच्या अंगावर ठिपके नसतात. भिंगातून पुढचे दोन पाय बघा: तपकिरी असले तर नर, काळपट असले तर मादी. ढेकूण दोघंही खातात आणि त्यांच्या अळ्याही. या अळ्या पांढऱ्या मेणामुळे थेट ढेकणासारख्याच दिसतात, म्हणून फवारणीआधी नीट पाहून घ्यावं.