क्यूआर कोडयुक्त पाठ्यपुस्तके

क्यूआर कोडयुक्त पाठ्यपुस्तके म्हणजे पाठाशी निगडित डिजिटल साहित्याकडे नेणारे चौकोनी संकेत ज्यांत छापलेले असतात, अशी शालेय पुस्तके होत. मोबाईलच्या साहाय्याने कोड स्कॅन केल्यावर त्या पाठाची चित्रफीत, ध्वनिफीत वा सरावप्रश्न उघडतात.

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी हा प्रयोग केला. त्यांना २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. केंद्र शासनाचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. बालभारतीच्या पुस्तकांतील कोड त्याच्याशी जोडलेले आहेत.

यूट्यूब वा व्हॉट्सॲपवर विद्यार्थ्याला साहित्याची निवड स्वतः करावी लागते. कोड मात्र त्याला नेमक्या पाठाकडे नेतो. चित्रफीत थांबवून पुन्हा पाहता येते. मात्र मनातील शंका तिला विचारता येत नाही. त्यामुळे शिक्षकाची गरज कायम राहते.

२०२० मध्ये कोविड-१९ मुळे शाळा बंद झाल्यावर या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट झाली. पुस्तक प्रत्येक मुलाच्या हाती असले, तरी फोन घरात एकच असल्यास पालक कामावरून परतेपर्यंत अभ्यास खोळंबतो.